रुमालाखालचा भाव

गिऱ्हाईक काचेच्या दारातून आत आलं की त्याच्या चपलांकडे बघून मी मनातल्या मनात त्याचा हप्ता ठरवत असे. सव्वीस वर्षं हेच केलं. लातुरात औसा रोडला गाड्यांचं एक शोरूम होतं, तिथे कर्जाच्या फायली करायचं टेबल माझ्याकडे होतं. शोरूम कुणाचं आणि कर्ज देणारी कंपनी कुठली ते सांगत नाही. मालक अजून हयात आहेत आणि माझं तोंड आधीच पुरेसं बदनाम आहे. एवढंच सांगतो, की फाडफाड बोलणारी माणसं माझ्यासमोर बसली की दहा मिनिटांत गार पडत आणि मी बोट ठेवीन तिथे सही करत. सरजाबाई कासले नावाच्या बाईंनी मात्र आवाजही न चढवता माझ्या नाकी नऊ आणले.

दोन हजार सोळाचा मे महिना होता. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आलं हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आम्ही ते आठवड्यातून एकदा टँकरच्या पाइपाशी पाहिलं. माझी बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती आणि बाळ दोन वर्षांचं झालं तरी परतली नव्हती. भांडण वगैरे काही नाही. तिकडे नळाला पाणी होतं, नातू होता, आणि इकडे मी होतो. एका माणसाला दोन ड्रम पाणी आठवडाभर पुरतं. एकटं राहण्याचा तेवढाच एक फायदा मला तोवर सापडला होता.

शोरूममध्येही शुकशुकाट होता. एका दुपारी साडेबाराच्या उन्हात दार उघडलं आणि पन्नाशीच्या एक बाई आत आल्या. हिरवट नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि दंडाला धरून आणलेला नवरा. नवरा उंच, एकेकाळी अंगाने भरलेला असावा. आता उजवा पाय फरशीवर ओढत होता आणि तोंड एका बाजूला उतरलेलं होतं. बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, ओठाच्या कोपऱ्यातली लाळ पदराने टिपली, आणि स्वतः शेजारी बसल्या.

"या मावशी," मी म्हटलं.

"मावशी कामून म्हंता? तुमच्याच बरोबरीची हाय मी. अक्का म्हणा."

मग त्यांनी पिशवीतून एक रुमाल काढला. लाल काठाचा, धुऊन धुऊन मऊ पडलेला, चांगला हातभर रुंद. तो त्यांनी नवऱ्याच्या डाव्या हातावर पसरला आणि आपला हात त्याखाली घातला. एवढं सगळं सावकाश झाल्यावर म्हणाल्या, "पिकअप घ्यायची हाय. भाव बोला."

मी सवयीने एका दमात भाव बोललो. गाडी सहा लाख अठरा हजार, विमा एकतीस, पासिंग एकोणीस, हँडलिंग साडेआठ, ॲक्सेसरीज साडेचौदा. एकूण सहा लाख एक्याण्णव हजार. बाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. रुमाल किंचित हलला.

"हे म्हणायलेत, साडेआठ हजार कशाचे ते इचार."

"हँडलिंगचे. म्हणजे गाडी कंपनीतून इथे आणायची, उतरवायची, उभी करायची."

पुन्हा रुमाल हलला. "हे म्हणायलेत, बाजारात म्हस इकाय आणली तर तिला दाव्याला बांधल्याचे पैशे गिऱ्हाईक देतंय का?"

मी हँडलिंग कापलं. मग ॲक्सेसरीजची वेळ आली. सीटची कव्हरं, पायाखालच्या मॅट, गाणी लावायचं यंत्र. "हे म्हणायलेत, कडब्याला गाणी ऐकू येत न्हाईत." तेही कापलं. सहा लाख अडुसष्टावर आलो तेव्हा मी घाम पुसला, आणि एसी चालू होता.

त्यांचे मालक, म्हणजे भुजंगराव कासले, हे जनावरांच्या बाजारातले दलाल होते. औसा, देवणी, हाळी, आणि वर्षातून एकदा नांदेडकडे माळेगावची जत्रा. ज्यांनी जनावरांचा बाजार पाहिलेला नाही त्यांना सांगतो: बैलाचा भाव तिथे तोंडाने बोलत नाहीत. दलाल विकणाऱ्याचा हात रुमालाखाली घेतो आणि बोटं धरून भाव विचारतो. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा आवळला तर पाच. हजार का शेकडा तेवढं तोंडाने म्हणायचं. मग घेणाऱ्याचा हात धरायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा कुणाला कळत नाही, आणि पडत्या भावात विकावं लागलं तर गावात लाज जात नाही. भुजंगरावांनी पस्तीस वर्षं असे सौदे जुळवले. "ह्येंनी जोडी इकून दिली की इकणाराबी जेवून जायचा आन् घेणाराबी," असं बाई म्हणायच्या.

अडीच वर्षांपूर्वी हाळीच्या बाजारात, एका देवणी बैलाचा सौदा चालू असताना, हात रुमालाखाली असतानाच त्यांना लकवा मारला. लोक सांगतात की तोंड वाकडं झालं, पाय गेला, तरी बोटं आकडा पुरा करूनच सैल पडली. लोक असं काहीबाही सांगतात. सोलापूरच्या दवाखान्यात दोन महिने काढले, पण वाचा आली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूचा बराच भाग गेलाय, समोर काय चाललंय ते यांना कितपत कळतं सांगता येणार नाही. पुढे जनावरांचा बाजारही बसला, त्यात हा दुष्काळ. दारात येणारी माणसं आधी कमी झाली, मग थांबली.

हे सगळं बाईंनी मला एका बैठकीत सांगितलं नाही. त्या चार वेळा आल्या. दर वेळी औशाहून एसटीने, दर वेळी नवऱ्याला घेऊन. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अक्का, यांना उन्हातान्हात कशाला आणता? तुम्ही एकट्या आलात तरी चालेल."

"येकली येऊन काय करू? भाव कोन सांगंल?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डाक्टर म्हंतो ह्येंना कळत न्हाई. भावकी म्हंती लाकूड झालंय. गावात कुनी ह्येंना राम राम घालीत न्हाई, भाऊ, माझ्याकडं बगून बोलतेत. ही गाडी ह्येंच्या बोटानं घ्यायची हाय मला. बाजारात उभी ऱ्हायली की लोकांनी म्हणलं पायजे, भुजंग दलालानं घासून घेतली. बोटं चालतेत ह्येंची. ती हायत म्हणून मी हाय. न्हाईतर घरात कोन हाय बोलाया?"

तेव्हा मला कळलं की या बाईला गाडीपेक्षा मोठं काहीतरी घासून घ्यायचं आहे. गाडी हवी होतीच. चारा छावण्या सुरू झाल्या होत्या. धर्माबादकडून भाताचा पेंढा आणून इकडे विकायचा असा त्यांचा बेत होता, आणि बेत पक्का होता. गावातला लिंबाजी नावाचा जुना ड्रायव्हर पगारावर ठरवला होता. औशातला प्लॉट विकून दीड लाख हाताशी ठेवले होते. पण त्यांना त्याहून जास्त हवं होतं ते हे, की आपला माणूस अजून आत आहे, हे आणखी कुणीतरी मान्य करावं. सगळं जग नाही म्हणत असताना एकटीने हो म्हणत राहणं फार थकवणारं असतं. मला ते थोडंसं कळत होतं. मीही शेजाऱ्यांना दोन वर्षं सांगत होतो, की पुढच्या महिन्यात येतेय ती.

तिसऱ्या बैठकीत व्याज निघालं. पाच लाखांचं कर्ज, चार वर्षं, साडेनऊ टक्के. मी आकडा इतक्या सहज टाकला की कुणालाही तो कमीच वाटावा. महिन्याचा हप्ता चौदा हजार तीनशे पंचाहत्तर.

बाईंनी पिशवीतून चिंचोके काढले आणि माझ्या काचेच्या टेबलावर मांडायला सुरुवात केली. शोरूममधली दोन पोरं हसायला लागली, मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. दहा हजाराला एक असे पन्नास चिंचोके मांडून झाल्यावर त्यांनी त्यातले बारा बाजूला सारले. "हे वर्साचे फेडले. आता पैशे किती ऱ्हायले?"

"अडतीस."

"आन् दुसऱ्या वर्साला तुमी याज कशावर धरलंय?"

व्याज पन्नासावरच धरलेलं होतं. चारही वर्षं पन्नासावरच. साडेनऊ म्हणून सांगितलेलं व्याज त्यामुळे सतराच्या आसपास पडतं, आणि सव्वीस वर्षांत हे माझ्या तोंडावर सांगणारी माणसं मी बोटांवर मोजू शकतो. त्यातले दोन चार्टर्ड अकाउंटंट होते.

रुमाल हलला. "हे म्हणायलेत, चार म्हशी सांभाळाया घेतल्या, येक माघारी दिली, तरी वैरण चौघींचीच घालायची व्हय?"

मी आत जाऊन मॅनेजरशी भांडलो. खरंच भांडलो, आणि का भांडलो ते मलाही नीट सांगता आलं नाही. घटत्या रकमेवर चौदा टक्के मंजूर करून आणले. हप्ता तेरा हजार सहाशे त्रेसष्टवर आला. महिन्याला सातशे बारा रुपये वाचले. बाईंनी चिंचोके मोजून पिशवीत भरले, नवऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बगा, तुमचं खरं झालं." भुजंगराव दारातल्या नव्या गाडीकडे, किंवा त्याच्या पलीकडच्या रस्त्याकडे, किंवा कशाकडेच बघत नव्हते.

गाडीच्या किमतीवरून मात्र घोडं अडलं. घासून घासून मी सहा लाख बावन्नला आलो होतो, आणि त्या सहा पंचेचाळीसला चिकटून होत्या. मॅनेजरने मला खाजगीत सहा सेहेचाळीसपर्यंत उतरायची मुभा दिली होती. बावन्न आणि सेहेचाळीसच्या मधले सहा हजार हे माझे होते, माझ्या कमिशनचे. हे मी अर्थातच बाईंना सांगितलं नव्हतं.

आता उरली घरची तपासणी. शेती भुजंगरावांच्या नावावर, त्यामुळे सहकर्जदार म्हणून त्यांचं नाव फाइलीत होतं. पस्तीस वर्षांच्या धंद्याचा मात्र एक कागद नव्हता. सगळा धंदा रुमालाखाली झालेला. आणि फॉर्मवर एक ओळ होती: सहकर्जदारास व्यवहार समजतो, संमती समक्ष घेतली. खाली माझी सही. मॅनेजर म्हणाला, "त्या माणसाचं काय ते स्वतः बघून या. उद्या भानगड नको."

मी सकाळच्या एसटीने औशाला उतरलो आणि तिथून जीपने त्यांच्या गावाला गेलो. वाटेत पोहरा सोडलेली एकही विहीर दिसली नाही. कासल्यांचं घर गावाच्या टोकाला होतं. घरापुढे गोठा. वीस खुंटे असतील, दगडी गव्हाणी, आणि आडव्या लाकडाला टांगलेल्या घुंगुरमाळा, पण जनावर एक नाही. गोठ्यातलं शेण किती दिवसांपूर्वी सारवलं असेल कोण जाणे, जमीन काचेसारखी वाळून तडकली होती. गोठ्यात भुजंगरावांची बाज टाकलेली. तिथे वारा लागतो म्हणून, असं बाई म्हणाल्या.

त्या पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात शेजारच्या कुडावरून एका म्हाताऱ्या बाईने डोकावलं. चतुराबाई त्यांचं नाव, ते नंतर कळलं.

"गाडीवाले सायेब काय?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. "त्या भुजंगाचा आंगठा घेताव का? त्याला काय कळतंय बाबा. हीच बोलती दिवसभर येकली. आमाला वाटतंय हिलाच काय तरी झालंय."

सरजाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या तेव्हा कुडावर कुणी नव्हतं. पण त्यांनी ऐकलं होतं. तांब्या माझ्या हातात देताना त्यांनी कुडाकडे एकदा पाहिलं. पाणी अर्धाच तांब्या होतं. मी दोन घोट घेऊन ठेवून दिलं.

"अक्का," मी म्हटलं, "नियम आहे. मला यांना स्वतः विचारावं लागेल."

"इचारा की."

"तुम्ही विचारता तसं. मी विचारतो."

त्यांचा चेहरा उतरला. चार बैठकांत मी या बाईला एकदाही कचरताना पाहिलं नव्हतं. त्यांनी रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली, पुन्हा उलगडली. मग तो भुजंगरावांच्या डाव्या हातावर पसरला, आणि बाजूला झाल्या. "तुमाला येतंय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चार वेळा बघितलंय. मग त्या गोठ्याच्या कोपऱ्यात गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून घुंगुरमाळा पुसायला लागल्या.

मी बाजेवर बसलो आणि रुमालाखाली हात घातला.

तो हात मोठा होता, कोरडा आणि गरम. तळव्याला कासऱ्याचे घट्टे अजून होते. मी आधी राम राम घातला. मग म्हटलं, "भुजंगराव, गाडी घ्यायची आहे. तुमची संमती आहे का?" आणि त्यांचं पहिलं बोट धरून हलकेच दाबलं. काही झालं नाही. मी थांबलो. मग विचारलं, "भाव काय म्हणता? लाखात सांगा." पंजा धरला, सोडला, एक बोट धरलं. सहा. काही झालं नाही. मी घड्याळ बघितलं नाही, पण बराच वेळ बसलो असेन. गावात कुठेतरी टँकरचा हॉर्न वाजला आणि घागरींचा आवाज करत बाया पळाल्या. सरजाबाई पाण्याला गेल्या नाहीत. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना माझा आवाज ओशाळा झाला होता. तो हात माझ्या हातात होता आणि त्यात कुणी नव्हतं. झोपलेल्या माणसाचा हातसुद्धा धरला तर थोडा आवळतो किंवा सुटायला बघतो. या हाताने मला धरलंही नाही आणि सोडलंही नाही.

सगळं माझ्या ध्यानात आलं. म्हशीचं दावं, कडब्याची गाणी, चिंचोके, चार म्हशींची वैरण, सगळं या बाईचं होतं. अडीच वर्षं ती एकटीच दोन्हीकडून बोलत होती. मला इतकं वाईट वाटलं की त्या क्षणी मी काहीही करायला तयार होतो, आणि मी केलं ते असं.

"अक्का," मी म्हटलं, "हो म्हणाले ते."

घुंगरांचा आवाज थांबला. "आन् भाव?"

"सहा लाख चाळीस."

मॅनेजरच्या आकड्यापेक्षा हा सहा हजारांनी खाली होता. म्हणजे माझं कमिशन तर गेलंच, वर सहा हजार खिशातून घालायचे. पण आकडा तोंडातून गेला आणि मला बरं वाटलं. त्या वळल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी किंवा त्यानंतर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. त्यांनी स्वतः न सांगितलेला आकडा अडीच वर्षांत पहिल्यांदा त्या हातातून आला होता. दोन पावलं त्या बाजेकडे आल्या.

मग थांबल्या. खाली बसल्या, जमिनीवरच, खुंट्याला टेकून.

"न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "येवढं खाली हे सांगणार न्हाईत. समोरच्याच्या घरची चूल इझवून कदी सौदा केला न्हाई ह्येंनी. चाळीसला तुमच्या पदरचं जातंय. मी पन्नासच्या खाली बोलले की तुमी दर वक्ताला पेन टोपनात घालताव, आन् सेहेचाळीसच्या खाली गेले की मॅनेजरच्या दाराकडं बगताव. तुमचं पोट बावन्न आन् सेहेचाळीसच्या मदी हाय, ते मला दुसऱ्या खेपंलाच कळलं."

मी पेनाकडे बघितलं. ते टोपणात होतं.

"तुमी चांगले हाव," त्या पुढे म्हणाल्या, "पन तुमी खोटं बोललाव. आता तुमालाबी कळलं."

मग त्या रडल्या. आवाज न करता, पदर तोंडात धरून, कुडापलीकडे ऐकू जाणार नाही अशा बेताने. मी काय करणार? बाजेवर त्यांच्या नवऱ्याचा हात धरून बसून राहिलो. सोडायचा कसा ते कळेना.

"भाव मलाच येतेत," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "रोज राती बाजारातून आले की जेवताना सांगायचे मला. कुठला बैल, किती मागितले, किती सोडले. तीस वर्सं ऐकलं. मला न येऊन काय व्हतंय."

"मग रुमालाखाली रोज काय विचारता त्यांना?"

त्यांनी नाक पुसलं. "लातूर जिल्हा झाला ना, त्याच साली माझं लगीन झालं. घर भरलेलं, सासू लई कडक. नवऱ्यासंगं दिवसा बोलाया मिळायचं न्हाई. हे बाजाराला निघाले की मी भाकरीचं गठुडं द्याया उंबऱ्याशी जायची. गठुडं घेताना रुमालाआडून माझी बोटं दाबायचे. तीन दाबली की तीन दिसांनी येनार. पंजा दाबला की पाच. माळेगावला गेले तर दोन पंजे. सासूला कदी कळलं न्हाई." त्या जरा हसल्या. "मी भाव इचारीतच न्हाई ह्येंना, भाऊ. मी इचारते, किती दिसांनी येताव. येवढंच."

मी भुजंगरावांचा हात हळूच बाजेवर ठेवला आणि त्यावरचा रुमाल सारखा केला.

उठताना त्यांनी स्वतःच विषय काढला. "सौदा सहा सत्तेचाळीस. सेहेचाळीस तुमच्या मॅनेजरचे, हजार तुमचे. आन् कागदावर ह्येंचं नाव ऱ्हाऊ द्या. गाडी दोघांची हाय."

नियमात ते बसत नव्हतं. मी गव्हाणीच्या दगडावर फॉर्म ठेवला, 'संमती समक्ष घेतली' या ओळीखाली सही केली आणि तारीख घातली. निरोप घेताना मी भुजंगरावांना पुन्हा राम राम घातला, मोठ्याने, कुडापलीकडे ऐकू जाईल असा. सरजाबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आठ दिवसांनी गाडी द्यायची होती. लिंबाजी ड्रायव्हर नवा शर्ट घालून आला होता. बाईंनी बोनेटला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. शोरूमची पोरं फोटो काढायला आली तेव्हा त्या सगळ्यांना सांगत होत्या, "ह्येंनी घासून घेतली. सहा सत्तेचाळीस. इचारा सायबाला." पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. फार कडक माणूस आहे."

भुजंगरावांना आम्ही तिघांनी मिळून आत चढवलं. लिंबाजी स्टिअरिंगवर, मध्ये ते, आणि कडेला बाई. गाडी सुरू झाली, पण औसा रोडवर टँकरांची रांग लागली होती, म्हणून दाराशीच थोडा वेळ उभी राहिली. मी पायरीवर उभा होतो. बाईंनी पिशवीतून लाल काठाचा रुमाल काढला, दोघांच्या मांडीवर पसरला आणि त्याखाली हात घातला. लिंबाजी माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, म्हातारी डिझेलचा हिशेब विचारत असेल.

त्या काय विचारत होत्या ते मला माहीत होतं.